वाघ्या, मुरळी आणि एक फिल्टर

एवढा विचार मी ब्रँच निवडतानाही केला नव्हता!

कॅप राउंडचा फॉर्म भरताना बाबांनी विचारलं, "मेकॅनिकलच का?" मी म्हटलं, "गाड्या आवडतात." पाच मिनिटांत विषय संपला. पण सेकंड इयरला असताना एका फिल्टरपायी अस्मादिकांनी सव्वा महिना घालवला, एक्सेलच्या तीन शीट भरल्या, एका युनिट टेस्टला दांडी मारली आणि रूमपार्टनरची झोप उडवली. फिल्टर म्हणजे चहाचा नव्हे, गाडीचाही नव्हे. माशांच्या टाकीचा.

"मासे? कुठले रे, सुरमई की पापलेट?" मेसमध्ये पहिला प्रश्न हाच आला. पोरांची चूक नाही. मी रत्नागिरीचा. आमच्याकडे मासा ही दुपारी बारा वाजता ताटात भेटणारी वस्तू. काचेमागे फिरणारा मासा बघायचा तर पाहुणे आल्यावर त्यांना घेऊन झाडगावच्या मत्स्यालयात जायचं, एवढाच काय तो संबंध.

तो वाढला मामामुळे. मे २०२३ मध्ये मामाची नागपूरला बदली झाली आणि त्याची पाच फुटी टाकी आमच्या ओटीवर येऊन बसली. पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. दीडशे गुणिले साठ गुणिले साठ सेंटिमीटर, म्हणजे ५४० लिटर. तळाची वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली तरी निव्वळ पाणी साधारण ४५० लिटर. आत दोन ऑस्कर, पाच सिल्व्हर डॉलर आणि काचेला चिकटून बसणारा एक सकर. सगळी मंडळी मूळची दक्षिण अमेरिकेतली, पंचवीस-सव्वीस अंशांच्या पाण्यात सुखी राहणारी. आमच्या हवेत त्यांचा हीटर बहुतेक बंदच असतो.

ऑस्करांपैकी एक काळ्या-नारिंगी पट्ट्यांचा, टायगर ऑस्कर. आजोबांनी त्याचं नाव ठेवलं वाघ्या. मग दुसरीचं मुरळी हे ओघानंच आलं. (ती मादी होती का, हे कुणालाच माहीत नव्हतं. आजोबांना तशी शंकाही आली नाही.)

आता आजोबांबद्दल सांगायला हवं. आजी जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. आई-बाबा दोघंही नोकरीला, मी इकडे होस्टेलला. दिवसभर घरात आजोबा एकटे. ते मुळातच कमी बोलायचे, आजी गेल्यावर आणखी कमी. फोनवर "बरा आहेस ना? जेवलास ना? ठेव मग." एवढंच. पण टाकी आली आणि फोन लांबायला लागले. ऑस्कर माणसं ओळखतो, हे ज्यांनी पाळलाय त्यांना सांगायला नको. आजोबा खुर्ची ओढून बसले की वाघ्या काचेला नाक लावून उभा राहायचा. आजोबा त्याला पेपर वाचून दाखवायचे. अतिशयोक्ती नाही, मी स्वतः ऐकलंय.

आणि याच माशांना मी मारलं.

झालं असं की, दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा टाकी कळकट दिसत होती. काचेवर शेवाळ, आणि वरच्या फिल्टरमधला स्पंज तपकिरी, बुळबुळीत, चिखलासारखा. मेकॅनिकलचा विद्यार्थी म्हणून आपलंही काही कर्तव्य आहे! मी फिल्टर पूर्ण सुटा केला. स्पंज फेकून नवा आणला. सिरॅमिकच्या छोट्या रिंग नळाखाली धरून ब्रशनं घासल्या, पांढऱ्याशुभ्र होईपर्यंत. टाकीतलं जवळजवळ सगळं पाणी काढून नळाचं ताजं पाणी भरलं. संध्याकाळी टाकी अशी चमकत होती की आईनं शेजाऱ्यांना बोलावून दाखवली. दुसऱ्या दिवशी रात्रीच्या गाडीनं मी पुण्याला आलो.

पाचव्या दिवशी मेसमध्ये जेवताना फोन आला.

"मुरळी गेली रे. तीन लहानही गेले. वाघ्या वर येऊन तोंड उघडतोय सारखा."

मी काहीच बोललो नाही. आजोबाच म्हणाले, "पाणी तर स्वच्छ दिसत होतं."

या वाक्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

त्या रात्री गाडी पकडली. गाडीत मोबाईलवर जे वाचलं ते बारावीच्या बायोलॉजीत नायट्रोजन चक्र म्हणून पाठ करून विसरलो होतो. मासा मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. नदीत तो वाहून जातो. टाकीत कुठे जाणार? तो साठतो आणि माशालाच मारतो. पाण्याचा पीएच आणि तापमान जितकं जास्त, तितका तो जहरी. पण मुरलेल्या टाकीत एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र त्यामानानं सौम्य, ते आठवड्याच्या पाणीबदलात निघून जातं. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते पृष्ठभागाला चिकटून राहतात. कुठे? तर त्या तपकिरी, बुळबुळीत स्पंजात आणि त्या सिरॅमिकच्या रिंगांवर!

म्हणजे मी घाण समजून जे फेकलं तोच खरा फिल्टर होता. मागे उरली ती मोटर आणि प्लास्टिकचा डबा. वर क्लोरीनचं पाणी. नळाच्या पाण्यात क्लोरीन घालतात तेच मुळी जंतू मारायला, त्यानं आपलं काम चोख केलं. शिवाय मासे मलूल दिसतात म्हणून आजोबांनी प्रेमापोटी खाणं वाढवलं होतं. खाणं वाढलं, अमोनिया वाढला, आणि तो खाणारं टाकीत कुणी नव्हतं.

(जाता जाता एक फंडा, व्हायवासाठी नव्हे, असाच. नायट्राइटचं काम नायट्रोबॅक्टर करतात असं आपण पाठ केलेलं असतं. १९९८ च्या एका संशोधनात गोड्या पाण्याच्या टाक्यांमध्ये ते काम नायट्रोस्पायरा करतात असं दिसलं. आणि २०१५ मध्ये तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकटेच करणारे नायट्रोस्पायरा सापडले. मी ब्रशनं घासले त्यांत कोण कोण होतं, देव जाणे.)

घरी पोचलो तेव्हा आजोबांनी मुरळीला जास्वंदीखाली पुरलं होतं. चहा झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "आता काय करायचं ते सांग."

केलं ते सोपं होतं. खाणं बंद. पिंपात भरून, हवा सोडून, एक दिवस ठेवलेलं पाणी, त्यानं रोज पाव टाकी पाणीबदल. आणि जिवाणूंची उसनवारी. मामाच्या ओळखीच्या दुकानदाराकडे गेलो आणि त्याच्या निरोगी टाकीतला जुना स्पंज मागितला. तो हसत सुटला. "नवा मागायला सगळे येतात, मळका मागणारा तूच पहिला!" पण त्यानं दिला, तोही टाकीच्याच पाण्यात बुडवून. अशा उसन्या स्पंजाबरोबर रोगही येऊ शकतो, म्हणून टाकी निरोगी असलेली बघूनच घ्यायचा. एक टेस्ट किट आणला. मी पुण्याला परतल्यावर आजोबा रोज नळीत थेंब टाकून रंग बघायचे आणि फोन करायचे. पिवळा म्हणजे अमोनिया नाही, हिरवा म्हणजे आहे. "आज हिरवा आहे, पण कैरीसारखा. काल पोपटासारखा होता." अशी आमची लॅब! सव्वा महिन्यानं पिवळा आला. वाघ्या, दोन सिल्व्हर डॉलर आणि सकर वाचले.

पण मामाचा फिल्टर दहा वर्षांचा. मोटर घरघरत होती. खोक्यावर लिहिलेलं, तासाला १८०० लिटर. मी वीस लिटरची बादली आणि मोबाईलचं स्टॉपवॉच घेऊन मोजलं. बादली भरायला ७२ सेकंद, म्हणजे तासाला १००० लिटर. हे वाचून आपल्या फ्लुइड मशिनरीच्या सरांना आनंद होईल. खोक्यावरचा आकडा शून्य हेडचा असतो. पाणी दोन फूट वर चढवा, पाइपला दोन एल्बो लावा, इम्पेलर झिजू द्या, आणि मग बघा. पंपाचा हेड-डिस्चार्ज कर्व्ह मी सीनिअरच्या जर्नलवरून छापला होता. तो खरा असतो हे मला बादलीनं शिकवलं.

तर नवा फिल्टर घ्यायचा ठरला. सर्वसाधारण अंदाज असा की, टाकीतलं पाणी तासाला चार-पाच वेळा फिल्टरमधून जावं. ४५० गुणिले ५, म्हणजे २२५० लिटर, तेही बादलीनं मोजलेले. ऑस्कर हा जेवताना अर्धं सांडणारा प्राणी (आमच्या रूमवरही असे आहेत), त्यामुळे कचरा भरपूर. पण फिरणारं पाणी म्हणजेच सगळं नव्हे. जिवाणूंना बसायला जागा किती, त्यांना ऑक्सिजन किती, हे तितकंच महत्त्वाचं. म्हणून आधी जाड स्पंज, मग बारीक, म्हणजे कचरा तिथेच अडेल आणि त्यामागच्या रिंगा चोंदणार नाहीत. कार्बन लागलाच तर शेवटी. तो रंग, वास, औषधाचे अंश काढतो, अमोनिया नव्हे.

एवढं ज्ञान झाल्यावर मी डिझाइनच्या तासाला शिकवलेलं डिसिजन मॅट्रिक्स काढलं. निकष: प्रवाह, मीडियाची जागा, आवाज, दिसणं, किंमत. प्रत्येकाला वेटेज. काचेला मागे टांगायचे फिल्टर एवढ्या टाकीला अपुरे म्हणून आधीच बाद. वाळूखालची जाळी बाद, कारण ऑस्कर वाळू उकरतात. उरले चार. कॅनिस्टर ८७ गुण, सम्प ८१, वरचा ट्रेचा फिल्टर ५८, आणि हवेवर चालणारा साधा स्पंज फिल्टर ४१. नापास होता होता वाचला.

कॅनिस्टर म्हणजे सॉलिड प्रकरण! टाकीखालच्या कपाटात बंद ड्रम, आत तीन-चार टोपल्या, आवाज जवळजवळ नाही, बाहेर दिसतात फक्त दोन पाइप. किंमत माझ्या चार महिन्यांच्या मेसबिलाएवढी, पण मामा अर्धे देणार होता. मी आजोबांना फोन लावला आणि पंधरा मिनिटं लेक्चर दिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तीन प्रश्न विचारले.

"लाईट गेली की काय होतं?"

"धुवायचा कसा?"

"तू इथे नसलास की?"

माझ्या मॅट्रिक्समध्ये हे तीन कॉलमच नव्हते.

खरंच, लाईट गेली की काय होतं? २०२० च्या जूनमधलं 'निसर्ग' आणि २०२१ च्या मे महिन्यातलं 'तौक्ते' ही दोन्ही वादळं आम्ही मेणबत्तीवर काढलेली. वादळ नसलं तरी पावसाळ्यात फांदी पडली की चार-सहा तास अंधार ठरलेला. कॅनिस्टर असतो बंद. पंप थांबला की आतलं पाणी जागच्या जागी थांबतं. जिवाणू काही तासांत त्यातला ऑक्सिजन संपवतात आणि मग गुदमरून मरायला लागतात. लाईट आली की पंप इमानदारीत ते सडकं पाणी टाकीत सोडतो. म्हणजे मी ब्रशनं जे केलं तेच पुन्हा, यावेळी ऑटोमॅटिक!

धुवायचा कसा? पाण्यानं भरलेला पंधरा-एक किलोचा ड्रम वाकून कपाटातून काढायचा, मोरीपर्यंत न्यायचा, झाकणाची रबरी रिंग नीट बसवायची. नाही बसली तर रात्रभर ओटीवर पाणी. आजोबांचं वय ७८, गुडघे त्याहून जुने. आणि मी इथे नसलो की? मी तर नसतोच. वर्षातले दहा महिने नसतो.

मग सम्प तपासला. सम्प म्हणजे खाली दुसरी टाकी, वरून पाणी सांडून तिच्यात, तिथून पंपानं वर. मोठ्या टाकीला राजेशाही व्यवस्था. पण लाईट गेली की परतीच्या पाइपमधून उलटा सायफन लागतो. पाइपचं तोंड पाण्याखाली पाच सेंटिमीटर असेल तर १५० गुणिले ६० गुणिले ५, म्हणजे ४५ लिटर पाणी खाली येणार. तेवढी जागा खाली रिकामी हवी, नाहीतर पूर. पाइपला सायफन तोडणारं भोक पाडता येतं, पण शेवाळानं ते बुजलं की संपलं. शिवाय टाकीला भोक पाडून घ्यायचं म्हणजे माशांसकट घर रिकामं करा. बाद!

शेवटी निवडलं काय, तर माझ्या यादीतले शेवटचे दोन नंबर.

टाकीच्या वर आडवे ठेवलेले तीन प्लास्टिकचे ट्रे. पंप पाणी वर चढवतो, ते भोकांच्या नळीतून ट्रेवर सांडतं, स्पंजातून, रिंगांतून ठिबकत खाली टाकीत. नाताळच्या सुट्टीत मी आणि आजोबांनी ट्रेला भोकं पाडली. वर्कशॉपच्या पिरियडला जे ड्रिलिंग केलं नव्हतं ते ओटीवर केलं. याची गंमत अशी की लाईट गेली तर ट्रेमधलं पाणी जिथून आलं तिथेच परत जातं, सांडायला जागाच नाही. आणि रिंगा ओल्या राहतात पण हवेत उघड्या, त्यामुळे जिवाणूंना ऑक्सिजन मिळत राहतो. पंप खोक्यावर ३००० चा, बादलीवर १८०० चा. म्हणजे ४५० च्या चौपट. पास.

आणि दोन कोपऱ्यांत दोन मोठे स्पंज फिल्टर, ४१ गुणांवाले. नळीतून बुडबुडे वर जातात, हवा मिसळलेलं पाणी हलकं होऊन त्यांच्याबरोबर चढतं, त्या जागी नवं पाणी स्पंजातून ओढलं जातं. पाण्यात एकही हलणारा भाग नाही, बिघडायला काही नाही. दोन्ही एका एअर पंपावर, तो इन्व्हर्टरवर. एअर पंपाला पंख्यापेक्षा कितीतरी कमी वीज लागते. फक्त तो पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवायचा, नाहीतर बंद पडल्यावर नळीतून पाणी उलटं त्यात येतं.

जुना स्पंज आणि मामाच्या रिंगा न धुता त्याच ट्रेमध्ये ठेवल्या, म्हणजे जिवाणूंचं बिऱ्हाड हललं, मोडलं नाही.

धुण्याचं वेळापत्रक आजोबांनी केलं. टाकीचंच पाणी बादलीत काढायचं, त्यात एक स्पंज पिळायचा, परत लावायचा. दोन्ही एका दिवशी कधीच नाही. डावा अमावास्येला, उजवा पौर्णिमेला. "समुद्राला उधाण त्या दिवशी आपला स्पंज!" कॅलेंडरवर खूण करायचीही गरज नाही, चंद्र छापलेलाच असतो. माझ्या एक्सेलमध्ये मेंटेनन्स शेड्यूल इतकं सुटसुटीत कधी जमलं नसतं.

परीक्षा झाली २०२४ च्या पावसाळ्यात. एका रात्री नऊला लाईट गेली ती दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आली. अकरा तास. मी होस्टेलवर तळमळत होतो. नेटवर्क नव्हतं. सकाळी फोन लागला.

"वाघ्या बरा आहे. बुडबुडे चालू होते रात्रभर."

"आणि तुम्ही? झोपलात का?"

"मी पंखा बंद ठेवला. म्हटलं बॅटरी पंपाला पुरू दे."

जूनमध्ये, रत्नागिरीत, पंख्याशिवाय. मी पुढे काही बोलू शकलो नाही. ते म्हणाले, "ठेव मग," पण ठेवला नाही. पेपरात काय आलंय ते सांगत बसले, बहुधा आम्हा दोघांनाही. वाघ्याला आणि मला.

मित्रांनो, मोठी टाकी घेणार असाल तर हिशेब जरूर करा. लिटर काढा, बादलीनं मोजा, मीडियाची जागा बघा. तुमच्याकडे लाईट जात नसेल आणि ड्रम उचलणारे हात घरात असतील तर कॅनिस्टर झक्कास, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. फक्त तो चालवणार कोण आणि कुठल्या घरात, हे दोन कॉलम आधी टाका. मी ते सर्वांत शेवटी टाकले, आणि तेही दुसऱ्यानं सांगितल्यावर. नवा फिल्टर लावल्यावर महिना-दीड महिना धीर धरा. आणि तपकिरी स्पंज दिसला तर ब्रश खाली ठेवा.

हे लिहिता लिहिता बाहेर पाहिलं तर आज चंद्र नाही. अमावास्या. म्हणजे डाव्या स्पंजाचा दिवस. आजोबांच्या फोनची वेळ झाली.